कौन्सिलला साथ द्या

क्लिफर्ड ऑग्डनची कौन्सिलशी जुंपली ती एका शब्दावरून.

शनिवारची सकाळ होती. नॉरीन बेकन तळत होती आणि क्लिफर्ड दारातून पडलेलं जाडजूड पाकीट फोडत होता. आत एक गुळगुळीत पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा असं पाचजणांचं कुटुंब स्वयंपाकघरात उभं राहून कारण नसताना हसत होतं. ग्रिमशॉ शहरात असली माणसं राहत नाहीत. असल्या दातांची तर नाहीतच नाहीत.

मजकूर सरळ होता. लॅपविंग वसाहतीतली चारशे बारा घरं कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मालकीची. ती दुरुस्त करायला कौन्सिलकडे पैसा नाही. म्हणून ती सगळी एका नव्या हाउसिंग असोसिएशनला, म्हणजे घरं भाड्याने देणाऱ्या खासगी संस्थेला, देऊन टाकायची. असोसिएशन बँकेकडून कर्ज काढणार आणि घरोघर नवं स्वयंपाकघर, नवं न्हाणीघर, नव्या खिडक्या बसवणार. मात्र आधी भाडेकरूंचं मतदान. असोसिएशनचं नाव अजून ठरलेलं नव्हतं. चांगलं नाव सुचवणाऱ्याला फळांची टोपली बक्षीस होती.

क्लिफर्ड चौथ्या पानापर्यंत शांतपणे वाचत आला. चौथ्या पानावर त्याला तो शब्द भेटला.

"नॉरीन," तो म्हणाला, "आपण माल आहोत."

"काय आहोत?"

"माल. स्टॉक. इथे छापलंय. कौन्सिल आपला 'स्टॉक' दुसऱ्याच्या ताब्यात देणार आहे. दुकानात बीन्सचे डबे असतात ना, तसे आपण."

"आपण नाही, घरं."

"आणि घरांत कोण बसलंय?"

"आत्ता तरी एक बडबड्या माणूस बसलाय आणि त्याचं बेकन करपतंय."

क्लिफर्डने एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीसाची नोकरी केली होती. त्या एकतीस वर्षांत लोकांनी त्याला नाना विशेषणं लावली. पण डबा कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय त्याचा एक खरा मुद्दा होता आणि तो कुणाला पटो न पटो, पक्का होता. छप्पर गळलं की क्लिफर्ड नगरसेवकाला शनिवारी खाटकाच्या दुकानात गाठायचा आणि चार माणसांदेखत त्याची बिनपाण्याने करायचा. छप्पर दुरुस्त व्हायचंच असं नाही; पण नगरसेवक लाल व्हायचा, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता यायचं. या असोसिएशनला कुठे गाठायचं? तिला तर अजून नावसुद्धा नव्हतं.

त्याने कौन्सिलला तीन पानी पत्र लिहिलं. दहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्या प्रतिसादाची नोंद 'सकारात्मक' अशी केली आहे.

क्लिफर्डने फोन उचलला. अर्धा तास व्हायोलिन ऐकल्यावर घरं हस्तांतर विभागाचे अधिकारी श्रीयुत फेअरब्रास लाइनवर आले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्यावर लोणी लावायची गरज नव्हती.

"मिस्टर ऑग्डन, आमच्याकडे नोंदीचे दोनच वर्ग आहेत. 'सकारात्मक' आणि 'अधिक माहिती हवी'."

"आणि विरोध?"

"विरोध म्हणजेच अधिक माहिती हवी."

"मग मला त्यात का नाही टाकलं?"

"तुमच्या पत्रात माहिती भरपूर होती, साहेब. तुम्हाला आणखी लागेल असं आम्हाला वाटलं नाही."

क्लिफर्डने फोन ठेवला आणि माळ्यावरून उरलेल्या वॉलपेपरची गुंडाळी खाली काढली. तिच्या पाठीवर त्याने हातभर अक्षरांत 'नको' असं लिहिलं आणि तो कागद रस्त्याकडच्या खिडकीत लावला. एक माणूस एकटा उभा राहिला की बाकीचे आपोआप मागे येतात, अशी त्याची समजूत होती. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी काळा चहा पिऊन पिऊन नॉरीनचा चेहराही तसाच झाला, तेव्हा तिने दूधवाल्याला कोपऱ्यावर अडवलं.

"बाई, तुमच्याच खिडकीत लिहिलंय की 'नको'," तो म्हणाला. "मी म्हटलं, असेल काही पोटाचं."

शेजारच्या प्रॉक्टरबाईंनी मात्र तो कागद वेगळ्याच अर्थाने घेतला होता. त्यांना वाटलं, क्लिफर्डला त्यांचं मांजर नको आहे. म्हणून चार दिवस त्या मुद्दाम मांजराला त्याच्या मागच्या दाराने आत पाठवत होत्या.

"अरे क्लिफर्ड, असं एकट्याने खिडकीत बसून होत नसतं," खुलासा झाल्यावर त्या म्हणाल्या. प्रॉक्टरबाई सत्तरीच्या होत्या आणि सल्ला ही त्यांची समाजसेवा होती. "सभा घे. माझ्या भावाने गटाराच्या वासावर सभा घेतली होती. दीडशे माणसं आली."

"मग वास गेला?"

"वास कसला जातोय! पण सभा झाली ना."

सभेला हॉल हवा. वसाहतीचा हॉल कौन्सिलचा. हॉल फक्त मान्यताप्राप्त भाडेकरू संघटनेला मिळतो, असं कौन्सिलच्या ऑफिसात खिडकीवरच्या मुलीने सांगितलं. संघटनेला मान्यता मिळायला तिची घटना लागते. घटना मंजूर व्हायला सभा लागते. आणि सभा सार्वजनिक हॉलमध्येच झालेली असावी लागते.

"म्हणजे हॉल मिळायला आधी हॉलमध्ये सभा हवी?" क्लिफर्डने विचारलं.

"हो," ती मुलगी सहानुभूतीने म्हणाली. "फार लोक याच जागी येऊन अडकतात."

शेवटी एका पबची मागची खोली मिळाली. मंगळवारी संध्याकाळी, फुकट. फुकट का, ते मंगळवारी संध्याकाळी कळलं. मंगळवारी तिथे वजन उतरवणाऱ्यांचा क्लब भरायचा, आणि पबवाल्याच्या मते दोन्ही मंडळं एकमेकांना सांभाळून घेण्याइतकी मोठी होती. ग्लेनिस नावाची क्लबची धिप्पाड प्रमुख दारातच वजनकाटा मांडून बसली होती.

"बूट काढा," ती म्हणाली.

"मी सभेचा अध्यक्ष आहे."

"अध्यक्षांचंही वजन असतं. बूट."

अशा रीतीने लॅपविंग वसाहतीच्या घरं बचाव समितीची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्ष मोज्यांवर उभे होते. हजेरी एकोणचाळीस, त्यातली तेहतीस माणसं वजन मोजायला आलेली. क्लिफर्डचं भाषण चालू असताना कोपऱ्यातून मधूनमधून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. त्याचा ऊर भरून यायचा, आणि मग कळायचं की कुणीतरी दोन पौंडांनी उतरलंय.

समितीवर तीन माणसं आली. क्लिफर्ड, प्रॉक्टरबाई, आणि अर्नेस्ट विडप. अर्नेस्ट एक्याऐंशी वर्षांचा, सूतगिरणीतला जुना युनियनवाला. त्याच्या कानातलं यंत्र गेली दोन वर्षं शिट्टी वाजवत होतं. आयुष्यात अकरा संप त्याने केले आणि त्यातले दहा हरले, पण हरल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. फितूर झालेल्यांची नावं मात्र तोंडपाठ होती.

"कॉम्रेड," त्याने क्लिफर्डचा हात दोन्ही हातांत धरला, "तुला बघून मला पन्नास वर्षांपूर्वीचा मी आठवतो."

एकतीस वर्षांत क्लिफर्डशी कुणी असं बोललं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना तो थोडा उंच झाल्यासारखा चालत होता. प्रॉक्टरबाईंच्या मते ते बूट घट्ट बांधल्यामुळे.

पुढच्याच आठवड्यात कौन्सिलने वसाहतीत ट्रक आणला. साधा ट्रक नव्हे. एका बाजूची भिंत उघडली की आत सबंध स्वयंपाकघर. पांढरीशुभ्र कपाटं, चकचकीत नळ, ओट्यावर एक लिंबांची वाटी. बाहेर फेअरब्रास लोकांना चहा वाटत होते. क्लिफर्ड फलक घेऊन निषेधाला निघाला, तर नॉरीन त्याच्याआधी कोट घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"बघायला."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

नॉरीन कोटाची बटणं लावून निघाली. तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला अकरा वर्षं ओल होती. दर हिवाळ्यात भिंत काळी पडायची, दर वसंतात नॉरीन ती ब्लीचने घासायची, आणि दर वर्षी कौन्सिलचा एक माणूस येऊन भिंतीवर हात ठेवून "ओल आहे" असं सांगून जायचा.

ती ट्रकमध्ये चढली. तिने एक ड्रॉवर उघडला आणि हलकेच ढकलला. तो अर्ध्यावर थांबला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मग आवाज न करता स्वतःचा स्वतः मिटला. तिने तो पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. सात-आठ वेळा तिने तसं केलं. मग ती खाली उतरली, आणि क्लिफर्डने पाहिलं की तिचे डोळे ओले आहेत. ती घराकडे चालू लागली.

तिच्या मागे जावं, की निषेध करावा? क्लिफर्डने निषेध निवडला. तो तरातरा ट्रकमध्ये शिरला आणि म्हणाला, "मिस्टर फेअरब्रास, ही लाच आहे!"

"अगदी बरोबर," फेअरब्रास म्हणाले. त्यांनी निम्मंच ऐकलं असावं. "मग, साखर किती?"

आणि त्यांनी त्याच्या हातात कप दिला. माणसाच्या हातात कोणी अचानक गरम कप दिला की तो पडू नये म्हणून चेहऱ्यावर जे भाव येतात, ते लांबून हसण्यासारखे दिसतात. त्याच क्षणी फोटो निघाला.

तो फोटो कौन्सिलच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर आला. नव्या स्वयंपाकघरात, हातात कप, चेहऱ्यावर परमानंद. खाली ओळ: 'कर्ल्यू रस्त्यावरचे रहिवासी मिस्टर क्लिफर्ड ऑग्डन: "अगदी बरोबर!"'

सकाळी साडेसातला अर्नेस्ट विडप दारात उभा होता. त्याचं यंत्र शिट्टी वाजवत होतं.

"मिस्टर ऑग्डन," तो म्हणाला. कॉम्रेड नाही. मिस्टर ऑग्डन.

"अर्नेस्ट, ऐक तरी. मी ते म्हटलंच नाही. ते त्याने म्हटलं."

"फोटो कुणाचा आहे?"

"माझा. पण मी हसत नव्हतो रे, मला चटका बसत होता!"

"एकोणीसशे त्रेपन्नच्या संपात हॅरल्ड ब्लेकी मॅनेजरच्या ऑफिसात बिस्किट खाताना सापडला होता," अर्नेस्ट म्हणाला. "तोही म्हणाला होता, मला चक्कर येत होती." आणि तो काठी टेकत निघून गेला.

क्लिफर्डने खुलासा छापण्याची मागणी केली. फेअरब्रासांनी लगेच कबूल केली. खुलासा पुढच्या अंकात येणार होता. पुढचा अंक तीन महिन्यांनी होता. मतदान सहा आठवड्यांनी.

तेव्हा त्याने ठरवलं, दारोदार जायचं. चारशे बारा घरं. एक दार सोडायचं नाही. हातात काहीतरी हवं म्हणून पत्रकं छापायची. पहिला मसुदा त्याने प्रॉक्टरबाईंना वाचून दाखवला: 'हस्तांतराला विरोध करा. मतपत्रिकेवर नाही म्हणा.'

बाईंनी नाक मुरडलं. "हे काय रे रडगाणं! विरोध, नाही, नको. लोकांना नकार आवडत नाही. कुणाची तरी बाजू घे. माझा नवरा म्हणायचा, माणसांना पाठिंबा द्यायला आवडतं."

"तुमचा नवरा काय करायचा?"

"फुटबॉल बघायचा. लिही: आपली घरं कौन्सिलची, कौन्सिलचीच राहू द्या. कौन्सिलला साथ द्या!"

क्लिफर्डला ते आवडलं. त्यात ठेका होता. छापखान्यातून पाचशे प्रती लाल शाईत छापून आल्या, तेव्हा नॉरीनने एक उचलून पाठपोट पाहिली.

"यात 'नाही' कुठे आहे?"

"ते समजतंच."

"कुणाला?"

"नॉरीन, तुला ते ड्रॉवर हवेत म्हणून..." एवढं बोलून तो थांबला. पण तेवढं पुरलं. नॉरीनने पत्रक गठ्ठ्यावर जसंच्या तसं ठेवलं, कडा जुळवल्या, आणि ओली भिंत घासायला निघून गेली.

पाच आठवडे क्लिफर्ड दारं वाजवत हिंडला. लॅपविंग वसाहतीतले रस्ते टेकडीवर चढतात आणि पाऊस टेकडीवरून उतरतो. दोघांची भेट बहुतेक क्लिफर्डच्या कॉलरमध्ये व्हायची. एका घरात त्याला विजेचं मीटर बघायला आलेला समजून जिन्याखाली कोंबलं. एका घरात कुत्र्याने सत्तर पत्रकं खाल्ली. एका म्हातारबुवांनी त्याला दीड तास बसवून घेतलं, सगळं ऐकलं, तीनदा मान डोलावली आणि शेवटी सांगितलं की मी बहिणीकडे राहायला आलोय, बुधवारी परत जाणार. फोटोमुळेही त्रास होताच. "आला बघ, अगदी बरोबरवाला!" अशी हाक खिडक्यांतून यायची. पण हळूहळू माणसं दारात थांबायला लागली. आमचा जन्म इथलाच, म्हणायची. आईला हे घर कौन्सिलने दिलं. आम्ही कौन्सिललाच साथ देणार. क्लिफर्ड वहीत बरोबरची खूण करायचा. खुणा वाढत होत्या. पाचव्या आठवड्यात तो जिंकत होता, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक झालं, हेच वाईट झालं.

मतपत्रिका टपालाने आल्या. ऑग्डनांच्या घरी दोन पाकिटं, दोघांच्या नावांची. नॉरीनने आपलं पाकीट उचललं, फडताळातून पेन घेतलं आणि ती वर गेली. झोपायच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी ती खाली आली, पाकीट चिकटवलेलं, आणि तशीच टपालपेटीत टाकायला गेली.

लपवण्यासारखं काय होतं? क्लिफर्डला काय ते कळून चुकलं. तो काही बोलला नाही. बोलला नाही, म्हणजे त्या दिवसापासून मीठ मागायचं झालं तरी मिठाकडे बघायचा. आपलं अंडं आपण उकडून घ्यायचा आणि ते एखाद्या हुतात्म्यासारखं खायचा. नॉरीन दोनदा काही सांगायला आली. दोन्ही वेळा त्याने पेपर वर धरला.

मतदान सुरू होऊन चार दिवस झाले असतील. क्लिफर्ड कुंपणाजवळ उभा होता. प्रॉक्टरबाई पलीकडून हसतमुखाने आल्या.

"टाकलं बरं का मी मत! तू सांगितलंस तस्संच. 'हो' म्हणून."

क्लिफर्डला वाटलं आपणही अर्नेस्टसारखे बहिरे झालो. "काय म्हणून?"

"हो म्हणून. प्रश्नच तसा होता ना: 'कौन्सिलचा प्रस्ताव तुम्हाला मान्य आहे का?' मी म्हटलं, क्लिफर्ड एवढा पावसात हिंडला, कौन्सिलला साथ द्या, साथ द्या म्हणून. दिली साथ. आमच्या मंगळवारच्या सगळ्या बायकांनी दिली. ग्लेनिसने तर काट्यावर उभं करून एकेकीकडून वदवून घेतलं."

क्लिफर्डने कुंपण धरलं. ते कौन्सिलचं कुंपण होतं; ते त्याच्यासकट वाकलं.

"प्रॉक्टरबाई," तो अगदी हळू म्हणाला, "प्रस्ताव कौन्सिलचाच आहे. आपल्याला देऊन टाकायचा प्रस्ताव."

प्रॉक्टरबाईंचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. "मग तू तसं लिहायचं होतंस ना रे," त्या म्हणाल्या. "मला कसं कळणार? मी तुझ्यावर विसंबले."

पुढचे दहा दिवस क्लिफर्ड पुन्हा तीच दारं वाजवत हिंडला. आता निरोप असा होता, की कौन्सिलला साथ द्यायची असेल तर कौन्सिलला नाही म्हणा. कौन्सिलला हो म्हणालात तर कौन्सिल जाईल. पहिल्या दारावर हे वाक्य त्याला नीट जमलं. सातव्या दारावर त्याने उलटं सांगितलं, आणि परत जाऊन पुन्हा सांगितलं, तेव्हा त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "मिस्टर ऑग्डन, तुम्ही जरा झोप काढा." बऱ्याच जणांनी 'हो' म्हणून मत आधीच टाकलं होतं. ते त्याला अभिमानाने सांगत होते. एकतीस जणांनी सांगितलं. त्या एकतीस जणांना त्याने "छान केलंत" म्हटलं, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही.

बातमी अर्नेस्टपर्यंत पोचलीच. पुढच्या मंगळवारी समितीची बैठक होती. अर्नेस्ट उभा राहिला, एका हातात तो फोटो, दुसऱ्या हातात ते लाल पत्रक.

"अकरा संप केले मी," तो म्हणाला. "पण मालकाची पत्रकं मालकाच्या विरोधात म्हणून वाटणारा माणूस मी आज पाहिला. मिस्टर ऑग्डन, तुम्हाला किती मिळाले ते मी विचारत नाही. फक्त सांगा, कधीपासून?"

ग्लेनिसच्या बायकाही वजन करायच्या थांबल्या. क्लिफर्ड उठला. दाखवायला त्याच्याकडे वही होती, खुणा होत्या, कॉलरमधून घुसलेला पाच आठवड्यांचा पाऊस होता. पण मूर्ख माणसाकडे आपण मूर्ख आहोत याचा पुरावा जेवढा असतो, तेवढा आपण प्रामाणिक आहोत याचा नसतो. "मी..." एवढंच तो म्हणाला. मग बूट घालून बाहेर पडला. दोन्ही बूट एकाच पायाचे वाटत होते. घरी आल्यावर कळलं, एक ग्लेनिसच्या नवऱ्याचा होता.

मतमोजणी टाऊन हॉलमध्ये दुपारी झाली. जायचं नाही असं क्लिफर्डने ठरवलं होतं, म्हणून तो वेळेच्या आधी अर्धा तास पोचला. नॉरीनही आली, तिने विचारलं नाही, त्याने नको म्हटलं नाही. लांब टेबलावर पाकिटं कापली जात होती. अर्नेस्ट पलीकडच्या भिंतीशी उभा होता आणि त्याची शिट्टी सगळ्या हॉलभर ऐकू येत होती. प्रॉक्टरबाई आल्याच नव्हत्या. त्यांनी दोन आठवडे पडदे लावून घेतले होते.

एका बाईने माइकवर निकाल वाचला. बाजूने दोनशे त्र्याऐंशी. विरोधात दोनशे सत्तावन्न.

सव्वीसचा फरक. क्लिफर्ड तिकीट तपासनीस होता. बेरीज-वजाबाकी त्याच्या इच्छेला न विचारता आपोआप होत असे. चौदा माणसांनी खूण दुसऱ्या चौकोनात केली असती, तर झालं असतं. चौदा. आणि त्याला तर एकतीस भेटली होती.

अर्नेस्ट भिंतीपासून निघाला. क्लिफर्डसमोर आला, थांबला. त्याने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, त्यामुळे शिट्टी बंद झाली आणि क्लिफर्डला काही म्हणायचं असतं तरी ते आता ऐकू जाणार नव्हतं. मग तो गेला.

फेअरब्रास हात पुढे करून आले.

"मिस्टर ऑग्डन, मनापासून आभार. वसाहतीत इतकी चर्चा तुम्ही घडवून आणली. नव्या असोसिएशनच्या संचालक मंडळावर भाडेकरूंची एक जागा आहे. सगळ्यांनी तुमचंच नाव सुचवलंय."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

"आमच्या सगळ्यांनी. मी आता तिकडेच जातोय ना, व्यवस्थापक म्हणून."

"तिथे मला पटलं नाही तर काय करायचं?"

"तुमचं म्हणणं वृत्तांतात नोंदवलं जाईल."

"आणि तो वृत्तांत शेजाऱ्यांना दाखवता येईल?"

"तो गोपनीय असतो," फेअरब्रास हळहळून म्हणाले.

क्लिफर्डने त्यांच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. आजूबाजूला फोटोवाला नाही, याची खात्री करून घेतली. मग हात खिशात घालून तो पायऱ्या उतरला.

परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर ती दोघंच होती. बाजार मागे पडला, गिरणीची भिंत मागे पडली. शेवटी क्लिफर्डला राहवलं नाही.

"मिळतील तुला आता ते ड्रॉवर," तो म्हणाला. "सुखी राहा."

नॉरीनने मान वळवली. "मी 'नाही' म्हटलंय."

"काय?"

"मतपत्रिकेवर. 'नाही'वर खूण केली. दोनदा वाचून."

क्लिफर्ड सीटवर तिच्याकडे वळून बसला. "पण तू तर रडलीस! त्या ट्रकमध्ये!"

"रडले. चांगलं होतं म्हणून रडले. हवंच होतं मला, अजून हवंय. पण अकरा वर्षं मी कौन्सिलची वाट बघितली, क्लिफर्ड. त्यांचे साहेब ओळखीचे झाले, त्यांचे बहाणे पाठ झाले. आता कुणा नव्याची वाट पहिल्यापासून कोण बघत बसणार? ओल बघायला येणारा तो पोऱ्या तरी निदान माझ्या हातचा केक खाऊन जायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. दोनदा. तू पेपर वाचत होतास."

"मला वाटलं तू..."

"तुला वाटलं. चारशे बारा दारं वाजवलीस तू. पावसात, दोन-दोनदा. माणसांना खुर्चीवर बसवून विचारलंस, तुमचं मत काय, तुमचं मत काय." ती खिडकीकडे बघत बोलत होती, रागाने नाही, एखादा हिशेब लागल्यावर माणूस बोलतो तसं. "चारशे अकरा. एक दार राहिलं तुझं."

बस गिअर बदलत टेकडी चढू लागली. वळणावर लॅपविंग वसाहत दिसली. रांगेने घरं, धुराडी, दोऱ्यांवरचे कपडे. सगळं सकाळी होतं तिथेच होतं. कुणीही काही हलवलं नव्हतं. त्याने नॉरीनच्या हाताकडे हात नेला, आणि मधेच ठेवून दिला, सीटच्या दांडीवर, जणू बस हलते म्हणून.

"जन्मभर भांडलो, पण कौन्सिलला किती जवळचं समजत होतो मी," तो म्हणाला.

"हो," नॉरीन म्हणाली. "ते सगळ्या वसाहतीला कळलं."

मग तिने उठून घंटीची दोरी ओढली आणि तो उठेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी थांबून राहिली.